पस्तीस यार्डांवरचं हरीण

आधीच सांगतो, मी शिकारी नाही. लहानपणी रविवारी बाबांबरोबर मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहायचो आणि बकरा कापायची वेळ आली की रस्त्याकडे तोंड फिरवायचो. या विषयातली माझी पात्रता एवढीच.

मागच्या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ऑफिसातला एक सहकारी मला ओहायोतल्या जंगलात घेऊन गेला. त्या दिवशी तिथे बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो. माझ्या हातात फक्त थर्मास होता, तरी त्याने मला भडक नारिंगी जाकीट घालायला लावलं. त्याच्या हातातली बंदूक काऊबॉय सिनेमातली वाटत होती: खाली लिव्हर, लाकडी दस्ता, स्कोप नाही. पण तिच्यातलं काडतूस रायफलचं नव्हतं, रिव्हॉल्व्हरचं होतं. .४४ मॅग्नम. १९७१च्या 'डर्टी हॅरी'त क्लिंट ईस्टवूड मिरवतो तेच.

रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलमध्ये घालायची कल्पना जुनीच आहे. १८७०च्या दशकात विंचेस्टर रायफल आणि कोल्ट रिव्हॉल्व्हर एकच काडतूस खायचे, म्हणजे घोड्यावरून फिरणाऱ्याला दोन प्रकारचा दारूगोळा वागवायला नको. नळी लांब असल्यामुळे गॅसला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो. रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १४०० फुटांनी निघणारी गोळी कार्बाइनमधून साधारण १७०० फुटांनी निघते. पण ती २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची, जाड आणि बोथट असते, त्यामुळे हवा तिला लवकर दमवते. शंभर-सव्वाशे यार्डांपुढे ती खाली झुकते, जोरही ओसरतो. ओहायोत अशा सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना हरणांसाठी परवानगी मिळाली ती २०१४मध्ये. नेहमीच्या रायफलींना तिथे परवानगी नाही. सपाट मुलूख, मधेमधे शेतं आणि घरं. चुकलेली गोळी फार लांब जायला नको.

नऊच्या सुमाराला एक नर दिसला. मोठी शिंगं. अंतर एकशे चाळीस यार्डांच्या आसपास. सहकाऱ्याने बंदूक उचलली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. "एवढ्या लांबचं हिचं काम नाही," तो पुटपुटला. नंतर म्हणाला, लागली असती कदाचित, पण कुठे ते सांगता आलं नसतं. पोटात लागलं तर हरीण कित्येक तास पळत राहतं आणि सापडत नाही अशा जागी जाऊन मरतं.

मी भारावलो. हे टिकलं घरी पोचेपर्यंत. मग डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. स्कोप लावलेली साधी रायफल असती तर एकशे चाळीस यार्डांवरचं हरीण जागच्या जागी मेलं असतं. म्हणजे याने आधी मुद्दाम कमजोर हत्यार निवडलं आणि मग त्या कमजोरीने घातलेल्या बंधनाचं श्रेय स्वतः घेतलं. अमेरिकेत 'फेअर चेस' नावाचं तत्त्व आहे. थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ते रुजवलं: प्राण्याला निसटायची खरी संधी हवी. पण हरणाने या खेळात नाव नोंदवलेलं नाही. शिकारी किती सभ्य होता याने त्याला काय फरक पडतो? त्याला फरक पडतो तो किती वेळ तडफडलं याने.

आपल्याकडे या प्रश्नाच्या दोन गोष्टी आहेत, आणि लहानपणी ऐकताना त्या एकमेकींशेजारी ठेवायचं सुचलं नव्हतं. दशरथाने आवाजावर बाण सोडला, न बघता. पाणी भरणारा श्रावण मेला. पांडूने तर समोर बघून बाण मारला. ते हरीण म्हणजे हरिणरूपातला किंदम ऋषी होता, आणि त्याची तक्रार शिकारीबद्दल नव्हतीच. राजे शिकार करतात, हे त्याला मान्य होतं. मी मादीबरोबर होतो, तेवढं तरी थांबायचंस, असं त्याचं म्हणणं. (मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो, ऐन माजाच्या दिवसांत, जेव्हा नर सावधपणा विसरून माद्यांमागे धावत असतात. किंदमाला तिथे बरंच काम पडलं असतं.) शाप दोघांनाही मिळाला, न बघणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही. तेव्हा जवळून बघून मारलं की हात स्वच्छ राहतात, असं निदान व्यासांना वाटत नसावं.

त्याच दिवशी दुपारी एक मादी आली. पस्तीस यार्ड. मला तिचे कान हलताना दिसत होते, थंडीत श्वासाची वाफ दिसत होती. आवाज झाला, ती उडाली, साठेक पावलं धावली आणि पानांत कोसळली. आम्ही पोचलो तेव्हा डोळे उघडेच होते. या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

नंतर एक गणित केलं. सातशे यार्डांवरून मारणारे लोक आहेत, स्कोप आणि ॲपच्या जोरावर. एवढं अंतर कापायला गोळीला जवळपास एक सेकंद लागतो. एका सेकंदात हरीण एक पाऊल टाकतं, मान वळवतं, आणि छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. पस्तीस यार्डांना लागतात सेकंदाचे सहा शतांश. ज्या हरणाबद्दल निर्णय घेतला, गोळी त्याच हरणाला लागते. रोज सर्व्हरवर कमांड सोडणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो. बघितल्यापासून एंटर दाबेपर्यंत डेटा बदललेला असला की काय होतं, ते मी भोगलेलं आहे. पण तिथे बॅकअप असतो.

म्हणून सहकाऱ्याबद्दलचं मत मी अर्धं मागे घेतलं. जवळ जाण्यात आपोआप काही थोरपण आहे असं मला अजून वाटत नाही. खाटीक दोन फुटांवरून कापतो, रोज, आणि कदाचित म्हणूनच त्याला काही वाटेनासं होतं. पण लांब मारणाऱ्या रायफलवाल्यालाही कुठेतरी थांबावंच लागतं, फक्त त्याची रेघ पुसट असते आणि नवा स्कोप घेतला की पुढे सरकते. याची रेघ बंदुकीतच कोरलेली होती. सकाळची न झाडलेली गोळी मला दुपारच्या गोळीपेक्षा जास्त आठवते.

या वर्षी तो मला कार्बाइन देतो म्हणालाय. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायला बंदी आहे, पण शिकारीचा परवाना असेल तर चालतं, असा चमत्कारिक अपवाद कायद्यात आहे. परवान्यासाठी आधी कोर्स करावा लागतो. त्याचा फॉर्म दोन आठवडे एका टॅबमध्ये उघडा आहे, जन्मतारखेपर्यंत भरलेला.

त्या मादीच्या मांसाचं शेवटचं पाकीट मी परवा फ्रीजरमधून काढलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. "मटण बरं मिळतं तिथं," ती म्हणाली. मी हो म्हटलं.