रक्तातली नोंद

हे सावकाश वाचावं. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबावं.

मनाने अंतरवाली सराटीला चला. धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री लागते, तिथून आत वळलं की अंबड तालुक्यातलं हे गाव. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत जालना जिल्ह्याबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी इथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव घरोघरी पोचलं. पुढच्या महिन्यांत सगळा मराठवाडा कुणबी नोंदी शोधायला लागला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळातली दप्तरं उघडली, शोध हैदराबादपर्यंत गेला, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. लोकांनी ट्रंकांमधून खासरापत्रकं आणि शाळेचे दाखले काढले, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावं एकाखाली एक लिहून वंशावळी तयार केल्या.

आरक्षणाच्या वादात इथे शिरायचं नाही. त्या कागदावरून वरवर सरकणारं म्हाताऱ्या माणसाचं बोट तेवढं डोळ्यांसमोर आणा. नख झिजलेलं, मातीने काळं पडलेलं. एका नावावर ते अडतं, पुन्हा खाली येतं, पुन्हा वर जातं.

आता तुमची उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी लागली की काही वेळ काहीच करू नका.

थांबा.

एकेका ठोक्यासरशी बोटाखालून असंख्य तांबड्या पेशी पुढे जात आहेत. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. गेल्या पोळ्याला अंगात असलेलं रक्त दिवाळी उलटून संक्रांत आली की जवळजवळ सगळं बदललेलं असतं. ते कसं घडवायचं याची सूचना मात्र जन्मापासून तीच असते. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचा बहुतेक भाग ‘ए’ प्रकारचा, आणि त्याच्या एका रेणूत चार साखळ्या: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळी घडवण्याच्या सूचनेच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक वडिलांकडून आलेली, एक आईकडून.

इथे जरा रेंगाळा. कागदावरच्या वंशावळीत बापाचं, त्याच्या बापाचं, त्याच्याही बापाचं नाव चढतं. आजी कुठल्या गावची, पणजीचं माहेर कोणतं, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. तुमच्याही घरातली नावं आठवून पाहा. वडिलांकडून किती पिढ्या मागे जाता येतं, आणि आईकडून किती? रक्तातल्या नोंदीत आईची बाजू बरोबर निम्मी आहे, आणि ती कुणाला पुसता येत नाही.

ही नोंद वाचायची एक रीत म्हणजे हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस. तुमच्या रक्ताच्या नमुन्याबरोबर मनाने लॅबमध्ये जा. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतात. तिच्यात ईडीटीए असतं, म्हणून रक्त गोठत नाही. लॅबमध्ये पेशी सलाइनने धुतात आणि मग फोडतात. उरतो तो लाल द्राव, म्हणजे मोकळं झालेलं हिमोग्लोबिन. सेल्युलोज ॲसिटेटची पांढरी पट्टी बफरमध्ये भिजवून टिपकागदाने टिपायची आणि तिच्या ऋण टोकाजवळ त्या द्रावाची बारीक रेघ उमटवायची. शेजारी ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना, त्याला कंट्रोल म्हणतात. पट्टीची दोन्ही टोकं बफरमध्ये टेकलेली. मग वीज सोडायची.

बफर अल्कधर्मी असतो, पीएच साधारण ८.५. त्यात हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे निघतं. सगळ्या प्रकारांवर भार सारखा नसतो, त्यामुळे वेगही सारखा नसतो. एकच लाल रेघ बघता बघता फुटते. ‘ए’ सर्वांत पुढे जातं. त्याच्या मागे ‘एफ’, म्हणजे गर्भात असताना आपण ज्याच्यावर जगलो ते हिमोग्लोबिन. त्याच्या मागे, असलं तर, सिकलसेलचं ‘एस’. आणि सर्वांत मागे एक फिकट रेघ, ‘ए-टू’ची. अर्ध्या तासाचं काम. नंतर पट्टीला रंग देतात, जास्तीचा रंग धुऊन काढतात, आणि रेघा ठळक होतात.

‘एस’ मागे का पडतं? बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं आहेत. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलीन बसलेलं असतं. बाकीच्या १४५ जागा जिथल्या तिथे. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि व्हॅलीनवर नसतो. तेवढ्याने चाल मंदावते. पट्टीवर जो फरक दोन बोटांच्या आतला दिसतो, तोच शरीरात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशीला विळ्यासारखी वाकवतो, आणि लहान मूल हातपाय धरून रात्रभर रडतं. लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९४९ साली इलेक्ट्रोफोरेसिसनेच हा भाराचा फरक दाखवला, आणि एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत सापडू शकतं हे पहिल्यांदा सिद्ध झालं. सहाव्या जागेचा शोध व्हर्नन इनग्रॅम यांनी त्यानंतर काही वर्षांनी लावला.

आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळला, आणि १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची, म्हणजे एकच प्रत सदोष असलेल्या माणसांची, नोंद केली. विदर्भ आणि नंदुरबारच्या कितीतरी घरांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, फक्त नावाने नव्हे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी रुग्णांच्या आईवडिलांना एकत्र आणून सिकलसेल सोसायटी उभी केली, तेव्हा कुठे तो सरकारदरबारी ऐकू जायला लागला. १ जुलै २०२३ ला देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. अंतरवालीचं नाव गाजलं त्याच्या दोन महिने आधी.

मराठवाड्यातल्या घराने मात्र ‘तो विदर्भाचा आजार’ म्हणून पान उलटू नये. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार, आणि त्याचे वाहक भारतात शंभरात तीन ते चार आहेत. काही समाजांत जास्त, काहींत कमी. पण आपल्यात ते नाहीतच असं कुणी धरून चालू नये. थॅलेसेमियात वेगळी रेघ उमटतेच असं नाही. बीटा साखळी कमी तयार होते, म्हणून ‘ए-टू’चं प्रमाण वाढतं. एरवी ते दोन-तीन टक्के असतं, बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात साधारण साडेतीनच्या वर जातं. पट्टीवर हा फरक नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी एचपीएलसी यंत्रावर टक्केवारी काढतात. ‘एस’ आणि ‘डी’ ही दोन हिमोग्लोबिनंही या बफरमध्ये एकाच जागी येऊन बसतात, त्यांना वेगळं करायला आम्लधर्मी माध्यमावर पुन्हा तपासावं लागतं. घाईने दिलेला रिपोर्ट म्हणूनच घाईने वाचू नये.

आता एका बाईची कल्पना करा. ऊसतोडीहून परतलेली, धाप लागते म्हणून दाखवायला आलेली. हिमोग्लोबिन दहा. लोहाच्या गोळ्या मिळतात, ती नेमाने घेते, तीन महिन्यांनी पुन्हा दहा. ‘खात-पीत नाही नीट’ म्हणून तिलाच बोलणी बसतात. कुणी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद पुरता वाचला तर दिसेल, पेशींचा आकार लहान आहे, एमसीव्ही ६२, पण तांबड्या पेशी ५५ लाख. लोह कमी असतं तेव्हा पेशींची संख्याही सहसा कमी असते. इथे ती भरपूर आहे. हा कागद ओरडून सांगतो आहे की ‘ए-टू’ तपासा. गोळ्या वाईट असं मुळीच नाही, आपल्याकडे लोहाची कमतरता खरीच फार आहे. उलट ती असेल तर ‘ए-टू’ थोडं खाली येऊन वाहकपण झाकलं जातं, म्हणून डॉक्टर कधी आधी लोह भरून काढतात आणि मग तपासणी पुन्हा करतात.

वाहक असणं हा आजार नाही. वाहक शेत करतो, पोरं वाढवतो, म्हातारा होतो. किंबहुना ही नोंद टिकली ती हिवतापामुळे. सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. थॅलेसेमियाही मलेरियाच्या पट्ट्यातच फोफावला. तुमच्या रक्तात ही रेघ निघाली तर मागे कुणीतरी आजी तापातून उठली असेल, आणि ती उठली म्हणून तुम्ही आहात. यावर थोडा वेळ मन ठेवा.

थांबा.

आणि आता जड गोष्ट. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता असते की बाळाला दोन्ही बाजूंची सदोष प्रत मिळेल. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साचणारं लोह काढायला रोज औषध. असं मूल जन्मलं की बोट पहिल्यांदा सुनेकडे वळतं. तिचा पायगुण, तिचं माहेर, तिचं खाणं. मी हे फार ऐकलं आहे आणि दर वेळी संताप आला आहे. आईबापांच्या रक्ताचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहा. सहसा दोन्ही कागदांवर ‘ए-टू’ वाढलेलं सापडतं. एकट्या आईमुळे हा आजार होत नाही. ज्या घरात सुनेला हे ऐकावं लागतं, तिथे तो दुसरा कागद कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवा.

आपल्याकडे सोयरीक जातीत होते, पुष्कळदा नात्यात होते. नात्यातल्या घरी लेक दिली की आनंदच असतो. पण नात्यात एकच नोंद दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. जालन्याचा शेतकरी मोसंबीची कलमं घ्यायला जातो तेव्हा खुंट कोणता आहे ते विचारल्याशिवाय एक रोप उचलत नाही, कारण बाग पंधरा-वीस वर्षं सांभाळायची असते. लग्न ठरवताना पत्रिका, जमीन, नोकरी विचारतो. त्यात ‘ए-टू किती’ हा एक प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? एक वाहक आणि एक वाहक नसलेला, अशा जोडप्याच्या मुलाला मेजर होण्याची भीती नसते. म्हणजे वाहक मुलीचं स्थळ मोडायचं कारणच नाही, समोरच्या मुलाची तपासणी करायची एवढंच. लग्न आधीच झालं असेल आणि दोघंही वाहक निघाले, तर गर्भाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता येतो. त्यासाठी दिवस गेल्याबरोबर डॉक्टरला सांगावं लागतं, पाचव्या महिन्यात नाही.

तेव्हा घरात लग्नाचं कुणी असेल, किंवा नुकतंच झालं असेल, तर सीबीसी आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या. मुलाचीही, मुलीचीही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तसं लॅबमध्ये आधी सांगा, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन तुमचं म्हणून मोजलं जाईल. तान्ह्या बाळाचं ‘ए-टू’ पाहून निष्कर्ष काढू नका, वर्षाचं होऊ द्या. आणि रिपोर्ट खासरापत्रकाच्या त्याच ट्रंकेत जपून ठेवा. नीट झालेली ही तपासणी सहसा जन्मात एकदाच करावी लागते.