रुचीचें औदार्य

परदेशीं राहणाऱ्या मनुष्यानें तेथील अन्नावर मन जडूं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. भाषा, पोषाख, रीतिभाती यांविषयीं आपण वाद करितों. जिभेच्या आवडीस नीतीच्या कसोटीवर घासावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु आपल्या समाजानें पूर्वीं माणसांस वाळींत टाकलें तें पुष्कळदां अन्नपाण्यावरूनच, आणि आज मनुष्य आपल्या सुधारलेपणाची साक्ष काढतो तीहि पुष्कळदां अन्नावरूनच. तेव्हां या आवडीचें नैतिक मोल काय, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

फ्रेंच अन्नाच्या प्रेमाचें एक प्रसिद्ध उदाहरण एका अमेरिकन दांपत्याचें आहे. ज्यूलिया व पॉल चाइल्ड यांची ओळख दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सिलोनमध्यें झाली, १९४६ सालीं त्यांचा विवाह झाला, आणि १९४८ च्या नोव्हेंबरांत पॉल यांच्या सरकारी नोकरीनिमित्त हीं दोघें फ्रान्सला गेलीं. बंदरावरून पॅरिसकडे जातांना रूआं शहरांत त्यांनीं दुपारचें भोजन घेतलें. लोण्यांत परतलेला सोल मासा तेथें खाल्ला, त्याची आठवण ज्यूलियाबाई जन्मभर सांगत असत. अशीं जेवणें पुष्कळांस घडतात व पुढच्या जेवणापर्यंत विसरलीं जातात. या बाईंनीं मात्र सदतिशी उलटल्यावर पॅरिसमधील 'कॉर्दों ब्ल्यू' या पाकशाळेंत नांव घातलें. पुढें सीमोन बेक व लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच स्त्रियांसह त्यांनीं अनेक वर्षें एका ग्रंथावर श्रम केले. नोकरीच्या बदल्यांबरोबर घर मार्सेयला, जर्मनीला, नॉर्वेला हललें. त्याबरोबर हें कामहि हललें. पॉल प्रत्येक प्रयोग चाखून पाहत, आणि पुस्तकांतील आकृत्यांसाठीं छायाचित्रें घेत. १९६१ सालीं ग्रंथ निघाला, तो घरीं आचारी नसलेल्या सामान्य अमेरिकन गृहिणीसाठीं.

आमच्या मतें या दांपत्याचें भूषण चवीच्या आवडीपेक्षां त्यांनीं त्या आवडीचें जें केलें त्यांत आहे. युद्धांत विजयी झालेल्या, धनानें संपन्न अशा राष्ट्राचीं हीं माणसें. पैसे मोजून जेवून उठलीं असतीं तर त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु ज्यूलियाबाई परक्यांच्या स्वयंपाकघरांत यजमानीण होऊन शिरल्या नाहींत, विद्यार्थिनी होऊन शिरल्या. आणि जें मिळालें तें पुढें सर्वांस वाटलें. रुचीचें औदार्य म्हणतात तें हेंच.

आतां याच्या उलट दिसणारें आपल्या घरचें उदाहरण पाहूं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वयाच्या अठराव्या वर्षीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परतेन, असें त्यांनीं बंगालमधील सेरामपूरच्या सभेंत सांगितलें होतें. परक्या थंडींत त्यांनीं आपली साडी व आपला शाकाहार सांभाळला. पति गोपाळराव त्यांच्या मागून तिकडे गेले. १८८६ सालीं आनंदीबाईंस फिलाडेल्फियाच्या वैद्यकविद्यालयाची पदवी मिळाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. परक्यांचें अन्न त्यांनीं स्वीकारलें नाहीं. पण ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांस घरीं ठेवून घेतलें त्यांच्याशीं त्यांचा स्नेह आप्तांसारखा राहिला. तेव्हां नकाराचा अर्थ तिरस्कारच होतो असें नाहीं. एका बाईनें परकें अन्न घेतलें, दुसरीनें नाकारलें. परक्याचा मान दोघींनींहि राखला.

याच गोपाळरावांच्या खटपटीनें १८९० सालीं पुण्यांत पंच हौद मिशनचें चहा-प्रकरण घडलें. रानडे, टिळक यांसारखी मंडळी व्याख्यानास जमली असतां त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं; मागाहून त्यांचीं नांवें 'पुणे वैभव' पत्रांत झळकलीं, ग्रामण्य उभें राहिलें, आणि कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. चहा चांगला होता कीं वाईट, हें त्या वादांत कोणीं विचारलें नाहीं. तो कोणाच्या घरचा, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न आपण टाकून दिला, अशी आजच्या सुशिक्षितांची समजूत आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. तो विचारण्याची दिशा मात्र बदलली आहे. कर्जत-खालापूरच्या मुलखांतील कुंभिवलीकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते. हा भातशेतीचा प्रदेश. येथील कातकऱ्यांचें अन्न पुष्कळसें रान, ओढे व शेताचे बांध यांवर पोसलेलें. मुठे म्हणजे ओढ्यांतले खेकडे, रानांतले कंद, शेतांतले उंदीर खाणारे म्हणून या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या हिणविलें गेलें. उलट पॅरिसच्या पंक्तींत गोगलगाय वाढली जाते, तेव्हां तिचें वर्णन प्रवासाहून परतलेलें जोडपें मोठ्या अभिमानानें करितें. गोगलगाय आणि मुठा यांमध्यें असें कोणतें अंतर आहे, कीं एक खाल्ल्यानें मनुष्य रसिक ठरावा व दुसरा खाल्ल्यानें रानटी?

कोणी म्हणेल, फ्रेंचांच्या पाकक्रियेस शास्त्र आहे. खरें आहे, गोगलगायी कांहीं दिवस उपाशी ठेवून, शुद्ध करून मगच शिजवितात. परंतु पावसाच्या तोंडावर रानांत शेवळें उगवतात, तीं तशींच शिजविलीं तर घशास खाज सुटते. तीं काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजविलीं म्हणजे निर्दोष होतात. हें ज्यांनीं प्रथम शोधून काढलें त्यांच्या जिभेस व बुद्धीस शास्त्र नव्हतें, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? त्यांच्यापाशीं ग्रंथ नव्हता व वैभव नव्हतें, एवढेंच उणें.

यावरून शाकाहाऱ्यानें मुठे खावेत असें आमचें म्हणणें नाहीं. आपला नियम पाळून दुसऱ्याच्या ताटाचा मान कसा राखावा, तें आनंदीबाईंनीं दाखविलेंच आहे. फ्रेंच अन्नाची आवड असणाऱ्या दांपत्यांसहि आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं ती खुशाल जोपासावी. पण तिला औदार्य म्हणण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट करून पाहावी. बाजाराच्या कडेला शेवळांची जुडी घेऊन कातकरीण बसते. तिला ती भाजी शिजवावी कशी, हें शिष्यभावानें विचारावें. रूआंच्या भोजनगृहांत परक्या अन्नाचें कौतुक करण्यास धीर लागत नाहीं, कारण त्यानें आपली प्रतिष्ठा वाढतेच. आपल्या गांवच्या रस्त्यावर, चारचौघांसमक्ष, जिला आजवर शिकविण्यापलीकडे आपण कांहीं केलें नाहीं तिच्यापाशीं शिकावयास बसणें, याला मात्र धीर लागतो.