तू काय पाहिलंस?

१२ डिसेंबर १९२३. चेकोस्लोव्हाकियातलं मोराव्स्का त्रेबोवा हे छोटं गाव आणि तिथली निर्वासित मुलांची रशियन शाळा. त्या दिवशी कुणाला आधी काही न सांगता दोन तासिका रद्द करण्यात आल्या. मुलांना निबंध लिहायला सांगितलं गेलं. विषय होता : १९१७ पासून या शाळेत येईपर्यंतच्या माझ्या आठवणी.

ही कल्पना मुख्याध्यापक पेत्रोव्ह यांची. समोर बसलेली मुलं कुठून आली आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. १९१७ ची क्रांती, पाठोपाठ यादवी युद्ध, उपासमार, टायफस. नोव्हेंबर १९२० मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल व्रांगेल यांच्या पराभूत सैन्याबरोबर सुमारे दीड लाख माणसं क्रिमियाचा किनारा सोडून जहाजांनी कॉन्स्टँटिनोपलकडे निघाली. त्या गर्दीत मुलंही होती आणि सगळ्यांच्या सोबत आईवडील होतेच असं नाही. ही शाळा कॉन्स्टँटिनोपललाच सुरू झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष मसारिक यांच्या चेकोस्लोव्हाक सरकारनं रशियन निर्वासितांना आधार द्यायचं ठरवलं, तेव्हा ती मुलांसकट या गावी आली. वरच्या वर्गांत असे तरुणही होते, जे रणांगणावर लढून आले होते आणि आता पुन्हा वही उघडून बाकावर बसले होते.

त्या दोन तासांत मुलांनी जे लिहिलं, त्यानं मोठी माणसं हादरली. मग इतर देशांतल्या रशियन शाळांमध्येही हाच विषय दिला गेला. एकूण २,४०३ निबंध जमले. प्रागमधल्या रशियन शिक्षकांच्या संस्थेनं त्यांचा अभ्यास केला आणि १९२५ साली वासिली झेन्कोव्स्की यांच्या संपादनाखाली ‘स्थलांतराची मुलं’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं. मध्यरात्री झालेली घराची झडती, वडिलांना घेऊन गेलेली माणसं, गच्च भरलेली आगगाडी, वाटेत आजारानं गेलेलं भावंड, बंदरावरची चेंगराचेंगरी, हे सारं त्या निबंधांत आहे. अनेकांनी ते अगदी कोरडेपणानं, चार-दोन वाक्यांत लिहिलं आहे. काहींनी आठवायला नको वाटतं, एवढंच सांगून कागद परत दिला. आणि कितीतरी मुलांनी शेवटी शाळेत पोहोचल्याचा दिवस लिहिला आहे, कारण तिथं पुन्हा पुस्तक मिळालं, अंथरूण मिळालं, आपल्या भाषेत हाक मारणारं कुणीतरी भेटलं.

मला या सगळ्यात थोर वाटतो, तो त्या दिवशीचा प्रश्न. परक्या देशात आलेल्या मुलाला आपण लगेच शिकवू लागतो. इथली भाषा शीक, इथली रीत शीक, आता मागचं विसर. हेतू चांगलाच असतो. पण मूल रिकाम्या हातानं आलेलं नसतं. त्यानं काय पाहिलं हे कुणी विचारलंच नाही, तर ते ओझं कुठं उतरवायचं, हे त्याला कळत नाही. मग ते मुकाट्यानं नवे धडे गिरवतं, आणि मोठ्यांना वाटतं की मूल रुळलं.

त्या काळी परदेशात रशियन म्हणून वाढणं आणखी एका कारणानं अवघड होतं. आईवडील मनानं तिथं पोहोचलेच नव्हते. वर्षा-दोन वर्षांत बोल्शेविक राजवट पडेल, आपण परत जाऊ, या आशेवर कित्येक कुटुंबांनी सामानसुद्धा पुरतं सोडलं नव्हतं. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारनं देश सोडून गेलेल्या अशा बहुतेकांचं नागरिकत्वच रद्द केलं. हाती उरला तो १९२२ पासून मिळू लागलेला ‘नान्सेन पासपोर्ट’, म्हणजे आपण कोणत्याच देशाचे नाही याचा कागद. एकेकाळचे सैन्याधिकारी पॅरिसमध्ये टॅक्सी चालवत, रेनोच्या कारखान्यात राबत. आईवडिलांच्या आधी मुलांना फ्रेंच येऊ लागलं. मग दुकानात, टपाल कचेरीत, घरमालकाकडे मुलंच घराच्या वतीनं बोलू लागली. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी घराचा कर्ता झालेल्या मुलाचं कौतुक सगळे करतात. त्याचं बालपण मात्र तेवढंच आखूड होतं.

फ्रान्समध्ये तेव्हा गुरुवारी शाळेला सुट्टी असे. रशियन आईवडिलांनी त्याच दिवशी आपल्या भाषेच्या शाळा चालवल्या. १९२५ पासून तर पुश्किनच्या जन्मदिनाच्या सुमारास देशोदेशीचे रशियन एकत्र येऊन ‘रशियन संस्कृती दिन’ साजरा करू लागले. मुलं कविता पाठ म्हणत. त्यांतल्या धाकट्यांना रशिया धड आठवतही नव्हता. जो देश त्यांनी नीट पाहिलाही नव्हता, त्यावर त्यांनी प्रेम करावं, अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती. आठवड्याचे बाकीचे दिवस जिथं जगायचं, तो देश मात्र खिडकीबाहेर उभा होता.

या मुलांचे रस्ते पुढे किती वेगळे झाले! कवयित्री मरीना त्स्वेतायेवा यांची मुलगी आरिआद्ना एफ्रोन काही काळ मोराव्स्का त्रेबोवाच्या याच शाळेत होती. ती पॅरिसमध्ये वाढली आणि १९३७ साली, चोविसाव्या वर्षी, स्वतःच्या इच्छेनं मॉस्कोला परतली. दोन वर्षांनी तिला अटक झाली. छळछावणी आणि हद्दपारी यांतून तिची सुटका व्हायला १९५५ साल उजाडलं. पुढचं आयुष्य तिनं आईच्या कविता जपण्यात आणि छापून आणण्यात घातलं.

दुसरा मुलगा मॉस्कोच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा, लेव्ह तारासोव्ह, जन्म १९११ चा. कुटुंब पळत पळत १९२० साली पॅरिसला पोहोचलं. घरी रशियन, शाळेत फ्रेंच. पहिली कादंबरी १९३५ साली आली, तेव्हा प्रकाशकाच्या आग्रहावरून त्यानं आंरी त्रोया हे नाव घेतलं. १९३८ साली त्याला गॉन्कूर पुरस्कार मिळाला, १९५९ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवड झाली. त्यानं रशिया सोडून दिला का? मुळीच नाही. पुश्किन, दोस्तोयेव्हस्की, टॉलस्टॉय, चेखव यांची चरित्रं त्यानं फ्रेंचमध्ये लिहिली आणि आपला गमावलेला देश शेजाऱ्यांच्या ओळखीचा करून दिला.

एक परतली, एक राहिला. यांतला कुणाचा रस्ता बरोबर, हे मोजण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एक गोष्ट दोघांच्याही आयुष्यात दिसते. नव्या देशात उभं राहण्यासाठी जुना देश पुसावा लागत नाही. मात्र तो बोलता आला पाहिजे, लिहिता आला पाहिजे, कुणाला तरी सांगता आला पाहिजे. मूल मागचं सांगू शकलं, की पुढचं शिकायला त्याचं मन मोकळं होतं. पेत्रोव्ह यांनी अभ्यासाचे दोन तास दिले, ते अभ्यासातून वजा झाले असं मला वाटत नाही.

आईवडिलांसाठीही यात शिकण्यासारखं आहे. मुलांना भाषा द्यावी, गाणी द्यावीत, गोष्टी द्याव्यात. पण आपलं राहून गेलेलं परतणं त्यांच्या खांद्यावर देऊ नये. परदेशातल्या मराठी शाळेत सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्या आपल्या नातवंडांच्या बाबतीतही हे खरंच आहे. त्यांचं स्थलांतर सुखाचं असेल, तरी दोन घरांमधला ताण लहान मुलालाच आधी जाणवतो.

आणि परकं मूल शोधायला आपल्याला दूर जायला नको. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे आलेलं मूल असेल, बांधकामावरच्या मजुराचं हिंदी बोलणारं मूल असेल, बदली होऊन आलेल्या कुटुंबातली गप्प मुलगी असेल. वर्गात, सोसायटीत, मैदानावर ते आज कडेला उभं असेल. त्याला आपले नियम सांगायला अख्खं वर्ष पडलं आहे. आज आधी एवढंच विचारू या : तुझं गाव कसं आहे, वाटेत तू काय पाहिलंस? आणि विचारल्यावर, त्याचं सांगून होईपर्यंत तिथंच थांबू या.