दया पुरेशी आहे का?



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातली एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. ज्याला लोक तुच्छ मानत, तो शोमरोनी या दाखल्यात मदत मागत नाही, मदत करतो.

इटलीच्या चित्रपटांतील कृष्णवर्णीय नटांविषयी वाचताना आम्हाला हाच दाखला आठवला. जॉन किट्झमिलर हा अमेरिकन कृष्णवर्णीय, रसायन अभियांत्रिकी शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर तो इटलीत आला, तिथेच राहिला आणि नट झाला. त्या काळचे इटालियन दिग्दर्शक कनवाळू होते, यात शंका नाही. युद्धाने पोळलेल्या गोरगरिबांना त्यांनी पडद्यावर आणले. लात्तुआदा यांच्या १९४८ सालच्या ‘सेन्झा पिएता’ म्हणजे ‘दयेविना’ या चित्रपटात किट्झमिलर एका इटालियन मुलीवर जीव लावणारा सैनिक आहे. त्या प्रेमाचा शेवट मरणातच होतो. प्रेक्षकाने हळहळायचे आणि घरी जायचे.

डी सिका यांच्या १९५१ सालच्या ‘मिलानमधील चमत्कार’ या चित्रपटात एका कृष्णवर्णीय तरुणाचे गोऱ्या मुलीवर प्रेम असते. इच्छा पुरवणाऱ्या कबुतराकडे तो गोरा होण्याचे मागणे मागतो आणि ती काळी होण्याचे. दोघांचे मागणे पुरे होते, अंतर मात्र तेवढेच राहते! आहोत तसेच एकत्र राहू, असे वरदान कोणालाच सुचत नाही. (आणि याच इटलीतले पालेर्मो शहर आफ्रिकी गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेल्या संत बेनेडिक्ट यांना आपले आश्रयदाते मानते.)

१९५७ साली किट्झमिलरला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट नटाचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पण चित्रपट इटलीचा नव्हता, युगोस्लाव्हियाचा होता. ‘शांतीचे खोरे’ हे त्याचे नाव. त्यात तो वैमानिक आहे आणि युद्धात पोरक्या झालेल्या दोन मुलांना सांभाळून नेतो. इथे तो वाटेवर पडलेला जखमी नाही, शोमरोनी आहे.

दया करणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. आपल्या धर्मग्रामातही गरजूला देणे आपल्याला जमते. त्याच्याकडून काही घ्यावे, त्याचा सल्ला मानावा, हे जड जाते. का बरे?

पुढे १९६२ साली ‘डॉ. नो’ या इंग्रजी चित्रपटात किट्झमिलर नायकाचा मदतनीस झाला. नायक वाचतो, मदतनीस मरतो. १९६५ साली रोममध्ये त्याचे निधन झाले.