शेलारमामाच्या गावी बहिणीचा हिस्सा

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, तशी शेलारमामांचीही आहे. परंपरा सांगते की मालुसरे मूळचे जावळीकडच्या गोडवलीचे. वडील काळोजी गेल्यावर तानाजी आणि सूर्याजी मामाच्या, म्हणजे शेलारमामांच्या आधाराने उमरठला वाढले. 4 फेब्रुवारी 1670 ला कोंढाण्यावर तानाजी पडले. पोवाड्यातला ऐंशी वर्षांचा मामा मग किल्लेदार उदेभानावर तुटून पडतो. पोवाडा म्हणजे दप्तरातला कागद नव्हे, हे खरे. पण कोणता मामा आपल्याला आवडतो, ते त्यातून बरोबर कळते.

मामा भाच्यासाठी जीव द्यायला तयार असतो. त्याच भाच्याच्या आईला गुंठाभर जमीन द्यायची वेळ आली, की तोच मामा हक्कसोडपत्र पुढे सरकवतो.

बाईच्या वाट्यावरून बिघडलेल्या मामा-भाच्यांची एक गोष्ट ग्रीक पुराणातही आहे. त्यात प्ल्यूरॉनचा थेस्टियस नावाचा एक छोटा राजा आहे. त्याची मुलगी अल्थिया शेजारच्या कॅलिडॉनला दिलेली. तिचा मुलगा मेलिएगर. रानडुकराच्या शिकारीत पहिला बाण अटलांटा या मुलीचा लागला, म्हणून मेलिएगरने कातड्याचा मान तिला दिला. बाईला मान मिळालेला त्याच्या मामांना, म्हणजे अल्थियाच्या भावांना सोसला नाही. त्यांनी कातडे हिसकावले, भाच्याने मामांना मारले आणि भावांच्या सूडापोटी अल्थियाने पोटच्या पोराचा जीव घेतला. दोन घरे बसली, ती बाईचे रास्त देणे डोळ्यांत खुपले म्हणून.

आपल्याकडे रक्त सांडत नाही, सही घेतात. महाराष्ट्राने 1994 मध्ये, निदान तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. तरी वारस नोंदीनंतर बहिणींना बोलावणे जाते. जेवण होते, साडी मिळते आणि कागद पुढे येतो. काही जणी खुशीने सही करतात. बऱ्याच जणी माहेर तुटेल या धास्तीने करतात, आणि त्या धास्तीला आपण बहिणीची माया म्हणतो.

‘हिस्सा मागितला की माहेर संपले’ ही धमकी भाऊच देतो आणि अमलातही तोच आणतो; मग नाते तोडल्याचा ठपका बहिणीवर कसा? ‘लग्नात खर्च केला’ म्हणणाऱ्याने आपल्या लग्नाचा खर्चही स्वतःच्या वाट्यातून वजा करावा. माघात तानाजींच्या पुण्यतिथीला उमरठला जाणाऱ्या भावांनी निघण्यापूर्वी घरचा सातबारा काढून बहिणीचे नाव त्यावर आहे का ते पाहावे. नसेल, तर तलाठ्याकडे जायला बहिणीच्या अर्जाची वाट पाहू नये.