बंड करू नये म्हणून केलेली प्रार्थना

कागद दुमडून हाताने शिवलेली एक छोटीशी वही आहे. 'बुक ऑफ एजिस' असे तिचे नाव, म्हणजे वयांची वही. आत कोण कधी जन्मले आणि कोण कधी गेले एवढेच. वही बॉस्टनच्या जेन मेकमची. ती १७१२ साली जन्मली, पंधराव्या वर्षी खोगिरे बनवणाऱ्या एडवर्ड मेकमशी तिचे लग्न झाले, बारा मुले झाली आणि त्यांतली अकरा तिच्या हयातीतच गेली. साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्या बापाच्या सतरा लेकरांतली ती शेंडेफळ. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा भाऊ म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. १७६७ साली तिची लाडकी लेक पोली गेली तेव्हा जेनने वहीत नेहमीपेक्षा थोडे जास्त लिहिले. देणाराही तोच, नेणाराही तोच, या बायबलमधल्या ईयोबाच्या बोलाचा आधार घेऊन तिने देवाकडे मागणे मागितले, की हे मान्य करायला नाकारण्याइतके बंडखोर माझे मन कधी न होवो. ही नोंद कोणी नुसता दाखला म्हणून वाचली तर श्रद्धाळू बाईची शरणागती म्हणून सोडून देईल. पण ज्याच्या मनात बंड येतच नाही त्याला बंड येऊ नये अशी प्रार्थना करावी लागत नाही. त्याच सुमाराच्या पत्रात तर हे उघडच दिसते. दुःखे लाटांसारखी अंगावर येताहेत, श्वास घ्यायला उसंत नाही असे ती लिहिते. आता माझ्याजवळ उरलेच काय, असे म्हणायच्या बेतात मी होते असेही कबूल करते. आणि लगेच स्वतःला आवरते, की देव सर्वसत्ताधीश आहे, मी नमते. ही शरणागती एकदाच करून मोकळे होण्यासारखी नव्हती. दर मृत्यूगणिक ती पहिल्यापासून करावी लागे.

हे सारे ज्या गावात चालले होते तिथे 'बंड' या शब्दाचे मोल झपाट्याने पालटत होते, म्हणून प्रश्न आणखी टोकदार होतो. १७६५च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेच्या मुद्रांक कायद्यावर खवळलेल्या जमावाने नायब गव्हर्नर टॉमस हचिन्सनचे घर लुटून मोडून टाकले. पुढच्याच महिन्यात जेनचा नवरा वारला. विधवा झालेल्या बाईने पोटासाठी बायकांच्या टोप्या शिवून विकायचे ठरवले आणि भावाने लंडनहून कापड, फिती असा माल पाठवला. तो हाती येतो न येतो तोच, १७६७च्या ऑक्टोबरात, बॉस्टनच्या नगरसभेने विलायती चैनीच्या वस्तू न घेण्याचा ठराव केला. जेनने यावर भावाला जे लिहिले ते मोठे मजेशीर आहे. आमच्या लोकांना नेमके आत्ताच काटकसरीचे वेड लागावे हे माझे दुर्दैव, असे ती म्हणते. जुनेच कपडे पुन्हा वापरा एवढेच हे गर्जना करणारे सांगत असतील तर मनातून माझी हरकत नाही. फक्त ज्यांना परवडते आणि जे विकत घेणारच आहेत त्यांनी माझ्याकडून घ्यावे. राज्यक्रांती खालून कशी दिसते ते या दोन-तीन वाक्यांत जितके कळते तितके जाहीरनाम्यांतून कळत नाही. तत्त्व तिला पटते, झळ तिलाच लागते, आणि ती दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगते. जी बाई देवापुढे एवढ्या काटेकोरपणे नमते ती माणसांच्या ठरावापुढे मात्र नमत नाही. त्याची चेष्टा करते, भाव करते.

माझे म्हणणे या फरकावरच उभे आहे. ईश्वरी योजनेवरची तिची श्रद्धा आंधळी स्वीकृती नव्हती. देवाच्या खात्यावर काय टाकायचे आणि काय नाही, याचा निवाडा करण्याची शिस्त तिला त्या श्रद्धेतूनच लागली. आपल्याला हे समजून घेताना भाषेची एक अडचण येते. प्युरिटन घराण्यातली माणसे ज्याला 'प्रॉव्हिडन्स' म्हणत त्याला आपण सहज दैव किंवा प्रारब्ध म्हणून टाकतो. पण प्रारब्धात हिशेब आपलाच असतो. मागे केले ते आता भोगायचे. जेनच्या देवाचा हिशेब माणसाला दिसतच नाही. योजना आहे एवढे ठाऊक, ती काय आहे ते ठाऊक नाही. ही अज्ञानाची कबुली वरवर दुबळेपणाची वाटते, पण तिची दुसरी बाजू अशी, की मग दुसऱ्या कोणालाही ती योजना वाचून दाखवण्याचा अधिकार उरत नाही. तुझी गरिबी देवाने नेमली आहे, असे शेजाऱ्याने सांगितले तर तुला कसे कळले, असे विचारता येते.

१७७५च्या वसंतात लेक्सिंग्टनला इंग्रज फौज आणि वसाहतवाले यांच्यात चकमक झाली, बॉस्टनला वेढा पडला आणि त्रेसष्टाव्या वर्षी जेन जेवढे नेता येईल तेवढे गाठोड्यात बांधून शेकडो लोकांबरोबर बाहेर पडली. मे महिन्यात ऱ्होड आयलंडमधल्या वॉरिकहून तिने भावाला त्या दिवसांची हकीकत कळवली. कुठे जायचे ते माहीत नव्हते, असे ती सरळ लिहिते. पुढे भावाने तिला फिलाडेल्फियाला नेले, तिथूनही १७७७ साली इंग्रज फौज येतेय म्हणून निघावे लागले. या काळात तिचे दोन मुलगे वेडाने गेले म्हणावे लागेल. पीटर एका शेतकऱ्याकडे ठेवलेला, त्याचा खर्च मामा द्यायचा. दुसरा, मामाचेच नाव लावलेला छापखानदार बेंजामिन, ट्रेंटनच्या लढाईच्या सुमारास निघून गेला तो पुन्हा कोणाला दिसला नाही. वयांच्या वहीत अशा माणसाची नोंद तरी कुठल्या तारखेला करायची?

इथे पहिला आक्षेप येईल, की देवाची भाषा ही जेनची स्वतःची नव्हतीच, लहानपणी पाठ झालेली वाक्ये ती दुःखाच्या वेळी म्हणत होती. अर्धे खरे आहे. भाषा उसनी होती, पण तिच्यावरून ती भांडत असे. १७४३ साली तिने भावाला खडसावले होते, की तू देवाची उपासना सोडून नुसत्या सत्कर्मांच्या जोरावर तरून जायला निघाला आहेस. तिचे ते पत्र हरवले. त्याचे जुलैमधले उत्तर मात्र आहे, आणि त्यावरूनच तिचे म्हणणे आपल्याला कळते. (या बाईच्या आयुष्यातले निम्मे पुरावे असे दुसऱ्याच्या उत्तरांत सापडतात.) फ्रँकलिनने उपासनेविरुद्ध आपण नाही हे सांगून धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्सच्या नव्या पुस्तकातली पाने वाचायला सुचवली आणि फळ चांगले दिसत असेल तर झाड वाईट असेल या भीतीने घाबरू नकोस असे समजावले. पंधरा वर्षांनी, लंडनहून, तोच वाद त्याने घराच्या रूपकात मांडला: श्रद्धा तळमजल्यावर, आशा त्याच्या वर, आणि परोपकार सगळ्यांत वरच्या माळ्यावर, तू लवकर माळा गाठ. दोन दशकांकडे झुकलेला हा वाद पाठांतराने चालत नाही. शिवाय मला तर वाटते, बहिणीची बाजू भाऊ समजतो तितकी कच्ची नव्हती. ज्याचे हात यशस्वी झाले त्याला सत्कर्मांवर भरवसा ठेवणे सोपे. जिचे बारापैकी अकरा वेळचे श्रम मातीत गेले तिला कर्माच्या फळावर श्रद्धा उभारता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्वीकाराची ही शिकवण गरिबांना आणि बायकांना गप्प ठेवायला नेहमीच सोयीची पडली आहे. जेनने विवाहितेला मालमत्तेचा हक्क नाकारणाऱ्या कायद्यावर कधी शस्त्र उपसले नाही. क्रांतीच्या एका नेत्याची बायको ॲबिगेल ॲडम्स हिने १७७६च्या मार्चमध्ये नवऱ्याला बायकांची आठवण ठेवायला बजावले, तसे काही जेनच्या पत्रांत नाही. हे मान्यच करायला हवे. तिला बंडखोर ठरवण्याचा खटाटोप मी करत नाही. पण १७८६ सालचे एक पत्र या आक्षेपाला अडवते. त्याआधीच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या, काही वर्षांपूर्वीच फ्रँकलिनचे नाव घेतलेल्या एका गावाने त्याच्याकडे प्रार्थनाघरासाठी घंटा मागितली. घंटेपेक्षा शहाणपण बरे म्हणून त्याने पुस्तके दिली, निवड केली त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने. हा प्राइस धर्मोपदेशक, आणि ईश्वरी योजनेवर त्याचा एक निबंध आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची जेन प्राइसला वाचते आणि भावाला लिहिते: डॉक्टर प्राइसच्या मते हजारो बॉइल, क्लार्क आणि न्यूटन जगाला गमवावे लागले असतील, योग्य जागा आणि योग्य संधी न मिळाल्याने ते अज्ञानात आणि हलाखीत जगले आणि मेले. मग आपल्याकडून ती जोडते, की सगळे अडथळे फोडून बुद्धीत वर चढणे फार थोड्यांना जमते. सतरा भावंडांपैकी कोणाला ते जमले हे पत्र वाचणाऱ्याला सांगायची गरज नव्हती.

तर्काने कोणी म्हणेल, की देव सर्वसत्ताधीश असेल तर ते अडथळेही त्याचेच. पोलीचा मृत्यू त्याच्या खात्यावर आणि न शिकलेली मुलगी माणसांच्या, ही वाटणी टिकत नाही. प्युरिटनांच्या काटेकोर कॅल्व्हिनवादात ती खरेच टिकत नाही. जेनने हा पेच सोडवलेला नाही, आणि ईश्वरी योजनेचा बचाव करायला बसलेल्या पंडितांनाही तो नीट सुटलेला दिसत नाही. पण ती शब्द कोणते वापरते ते पाहावे. मेलेल्या लेकरांबद्दल लिहिताना तिच्या तोंडी देव येतो, त्याची इच्छा येते, नमणे येते. न घडलेल्या न्यूटनांबद्दल लिहिताना यांतले काही येत नाही. येतात त्या जागा, संधी आणि अडथळे. इथे कुणी नमावे असे ती म्हणत नाही. पन्नासहून अधिक वर्षे मृत्यूपुढे मन आवरायला शिकलेल्या बाईला नेमके ठाऊक होते, की आवरायचे कशापुढे.

त्याच १७८६च्या जुलैमध्ये फ्रँकलिनने तिला आपल्या अशुद्धलेखनाची लाज बाळगू नकोस असे लिहिले होते. चुकीचे म्हणतात तेच उच्चाराला धरून असते, म्हणून तेच बरे, अशी त्याची थट्टा. बॉस्टनच्या सरकारी लेखनशाळांत तोवर मुलींना प्रवेश नव्हता. १७८९ साली तो मिळाला, तोही एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच. जेन तेव्हा सत्याहत्तर वर्षांची होती.