काळजीपोटी दिलेली साक्ष

मार्च २०२० मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका कोंबडीपालकाने सहा हजारांच्या आसपास जिवंत कोंबड्या खड्ड्यात टाकून वर माती लोटली. कारण रोग नव्हे, भाव. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो अशी खोटी बातमी मोबाईलवरून घरोघर पोहोचली होती. किलोला ५० ते ७० रुपये मिळत, तेथे ५ ते १० रुपयांवर आले. दाण्याचा खर्च मात्र रोजचा.

बातमी पुढे पाठवणारा म्हणतो, "मी काळजीपोटी पाठवली. खोटी ठरली तर कोणाचे काय बिघडले?" बंधुभगिनींनो, खरा प्रश्न येथेच आहे. लेकरांच्या ताटात काय पडते याची धास्ती घेणे हे पाप नव्हे. त्या महिन्यात ज्या आईने कोंबडी शिजवली नाही, तिला मी बोल लावणार नाही. पण स्वतः न खाणे निराळे आणि दहा घरी "खाऊ नका" असे सांगणे निराळे. दुसरी गोष्ट साक्ष आहे, आणि तिची किंमत साक्ष देणारा भरत नाही. बाजारातला कोणी तिसराच भरतो. नववी आज्ञा आपण संडेस्कूलमध्ये मुलांकडून घोकून घेतो, पण तिचा अर्थ कोर्टकचेरीपुरताच सांगतो. कोंबडीवाला शेजारी नव्हे काय?

जाणत्यांचेही चुकते. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखवली. (आपल्याकडे पुढाऱ्यांना खाताना पाहण्याची हौस कोणाला आहे, देव जाणे.) भ्यालेल्या माणसाला त्यातून एवढेच कळते की तो भित्रा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांत खरोखरच बर्ड फ्लू निघाला, लाखो पक्षी मारावे लागले. तेव्हाचा उपयोगी सल्ला साधा होता: आजारी पक्ष्याला हात लावू नका; मांस आतपर्यंत ७० अंशांवर नीट शिजवा. यात धोका लपवलेला नाही, आणि घरच्या बाईला चुलीपाशी करता येईल असे काही दिले आहे. करिंथच्या बाजारातील मांसाविषयी लिहिताना पौलालाही मांसात दोष दिसत नव्हता. तरी ज्याचे मन कचरते त्या बंधूला त्याने हसण्यावारी नेले नाही.

कोणी विचारील, बातमी खरी असली आणि आम्ही गप्प बसलो तर? गप्प बसू नये. पोल्ट्रीत पक्षी पटापट मरताना दिसले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. विकलेले मांस खराब वाटले तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे. काय पाहिले, कोठे, कोणत्या दिवशी, हे सांगावे आणि खाली स्वतःचे नाव लिहावे. नाव लिहिताना हात अडखळला, तर तीच बातमी निपाणीच्या बाजारात सांगण्याआधीही तो अडखळू द्यावा.